मिळण्याआधीचे देणे

व्यवहारी : तुमच्या शेजारच्या त्या निवृत्त खाणकामगाराने दाखविलेले कागद मी सावकाशीने, दोन वेळा वाचले, आणि पहिल्या वाचनात जे मत झाले होते तेच दुसऱ्या वाचनात अधिक पक्के झाले. मुलाला कोळशाच्या वाहतुकीसाठी दोन हायवा घ्यावयाच्या आहेत, बँकेने सिबिल पाहून अर्ज परत केला आहे, आणि नेमक्या अशा वेळी कोणी एक संस्था साठ लाखांचे कर्ज शेकडा दोन व्याजाने, तारणावाचून आणि जामीनदारावाचून द्यावयास पुढे येते. तिची कचेरी कोठे, तिला परवाना कोणी दिला, याविषयी मात्र एका गोल शिक्क्यापलीकडे त्या कागदांत अवाक्षर नाही. प्रथम ‘फाइल चार्ज’ म्हणून काही हजार घेतले. मग कर्जाच्या विम्याचा हप्ता म्हणून त्याच्या कितीतरी पट घेतले. आणि आता रक्कम खात्यावर सुटण्यापूर्वी जीएसटी भरा, नाही तर मंजुरी रद्द होईल, असा तगादा चालला आहे. हा प्रकार ओळखण्यास कायदेपंडित लागत नाही. ज्याला द्यावयाचे आहे तो आधी मागत नाही, एवढे एक सूत्र गाठीशी असले म्हणजे पुरे. सोडतीचे बक्षीस लागले तर त्यावरील शेकडा तीस कर देणाराच कापून घेतो आणि उरलेली रक्कम हाती ठेवतो. तेव्हा ‘बक्षीस पाठवितो, आधी कर भरा’ म्हणणारा इसम खोटा, हे निराळे सिद्ध करावयास नको. शेतात मोबाइलचा टॉवर उभारून मोठे भाडे देऊ, त्यासाठी ना-हरकत दाखल्याची फी भरा, असे सांगणारा खोटा, कारण टॉवरला जागा देणाऱ्या जमीनमालकाकडून अशी फी घेतली जात नाही हे दूरसंचार विभागाने वारंवार जाहीर केले आहे. रिझर्व्ह बँकेत तुमच्या नावाने परदेशातून कोट्यवधी रुपये येऊन पडले आहेत असे पत्र धाडणारा खोटा, कारण ती बँक कोणाही व्यक्तीचे खाते ठेवीतच नाही. सूत्र एक, उदाहरणे अनेक. इतकी सरळ गोष्ट ज्याला उमगली नाही त्याच्याविषयी कणव अवश्य वाटावी. परंतु त्या कणवेपोटी साध्या प्रश्नाला गूढ समस्येचे रूप देऊ नये.

शंकेखोर : सूत्र सुबक आहे, अडचण एवढीच की ज्या जगात तो मनुष्य आयुष्यभर वावरला त्या जगाने त्याला नेमके याच्या उलट शिकविले आहे. खऱ्या बँकेकडे कर्ज मागावयास जा. प्रक्रिया शुल्क, मालमत्तेच्या मूल्यांकनाची फी, वकिलाच्या शोध-अहवालाचा खर्च, हे पुष्कळदा पैसा हाती येण्यापूर्वीच आपल्या खिशातून जाते, आणि अर्ज नामंजूर झाला तर त्यातले बरेचसे परत येत नाही. सरकारी ठेका हवा तर आधी बयाणा, विजेची जोडणी हवी तर आधी अनामत, दस्त नोंदवावयाचा तर आधी मुद्रांक, आणि आपल्याच हक्काचा पैसा दिवाणी दाव्याने मागावयाचा तर आधी कोर्ट फी. देणाऱ्याने आधी घेणे ही भामट्याची कल्पकता नव्हे. तो कचेरीचा पुरातन रिवाज आहे, आणि भामटा केवळ त्या रिवाजाची नक्कल उत्तम करतो.

त्यातून हे घुग्घुस, कोळशाच्या खाणींचे गाव. अन्य गावी एखाद्याला लाखांचा कागद आला तर शेजारी हसतील. येथे हसणार नाहीत, कारण येथे असा कागद खरोखरच येतो. ज्या कोरडवाहू जमिनीने कापूस आणि तूर यांपलीकडे काही दिले नाही तिच्या पोटात कोळसा आहे असे एके दिवशी ठरते. कोळसाक्षेत्र संपादनाच्या १९५७ च्या कायद्याखाली अधिसूचना निघते. आणि मग वेस्टर्न कोलफिल्ड्सकडून एकरी लाखांच्या हिशेबाने मोबदला आणि दोन एकरांमागे एक नोकरी, अशी भाषा त्या घरात सुरू होते जेथे आदल्या वर्षी बियाण्याची उधारी हीच सर्वांत मोठी रक्कम होती. तो खाणकामगारही पाहा. तीस-पस्तीस वर्षे भूगर्भात घालविल्यावर कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा एकगठ्ठा पैसा त्याच्या पासबुकात एका ओळीत उमटला; ती ओळ त्याने बोटाने पुनःपुन्हा वाचली असेल. आणि जमीन देते तशी नेतेही. २०२२ च्या ऑगस्टात आमराई वॉर्डातील एक घर पाहता पाहता धरणीच्या पोटात गेले, खाली जुनी खाण होती. मग आजूबाजूची कुटुंबे हलविली गेली, आणि पुनर्वसन, मोबदला, यादी, पंचनामा हे शब्द तेथल्या लहान पोरांच्याही तोंडी बसले. अशा गावात ‘आपले प्रकरण मंजूर झाले आहे’ हे वाक्य अद्भुत वाटत नाही. ज्याने अचाट गोष्ट घडताना डोळ्यांनी पाहिली त्याला, ‘अचाट दिसेल ते खोटे समज’, हा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? आणि मंजुरीपासून रकमेपर्यंतच्या वाटेवर सात-बाराची दुरुस्ती, वारसाची नोंद, प्रतिज्ञापत्र, नकला आणि, उघडच बोलावयाचे तर, चहापाणी, यांसाठी त्याने किती वेळा आधी दिले असेल? त्याच्या लेखी फाइल चार्ज मागणारा मनुष्य संशयास्पद नव्हे. काहीच न मागणारा असता तर मात्र त्याने चौकशी केली असती.

व्यवहारी : हे मला मान्य करावे लागेल, आणि मान्य करून सूत्रच सुधारून घ्यावे लागेल. आधी मागणे हे लक्षण नव्हे. मागण्याची रीत हे लक्षण. खरी बँक जे शुल्क घेते ते तिच्या छापील दरपत्रकात असते, तुमच्या-माझ्यासाठी निराळे ठरत नाही. ते संस्थेच्या नावाच्या खात्यात जाते. त्याची पावती मिळते. आणि मुख्य म्हणजे ते एकदाच घेतले जाते. ह्या गृहस्थाने भरलेले पैसे कोणाच्या खात्यात गेले ते पाहिलेत का? कागदावर नाव फायनान्स कंपनीचे, आणि खाते कोणा खासगी इसमाचे, दूरच्या राज्यातले. बहुधा भाड्याने घेतलेले. डिजिटल कर्जांविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली त्यांचा आशयही हाच आहे की मध्यस्थाने कर्जदाराकडून परस्पर पैसा घेऊ नये. त्याची दस्तुरी जी काय असेल ती कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यावी, आणि कर्जाची रक्कम तिसऱ्याच्या हातातून न जाता थेट कर्जदाराच्या खात्यात पडावी. पण हे सारे बाजूला ठेवा. एक प्रश्न असा आहे की त्यापुढे कोणताही भामटा टिकत नाही : ‘साठ लाख देताच आहात, तर तुमचा चार्ज, विमा आणि जीएसटी त्यातूनच कापून घ्या की!’ जो साठ लाख देण्यास समर्थ आहे त्याला त्यातले एक लाख वळते करून घेण्यास कोणती हरकत? हरकत एकच असू शकते, आणि ती ही की साठ लाख नाहीतच.

शंकेखोर : तो प्रश्न त्याने विचारला होता. तुम्ही त्याला भोळा समजता, परंतु जमाखर्चात तो तुमच्या-माझ्याहून कच्चा नाही. उत्तर आले : ‘काका, नियमात बसत नाही.’ भाऊ, हे उत्तर ऐकून तुम्हाला हसू येते. त्याला येत नाही. हेच वाक्य, याच सुरात, त्याने भावकीच्या जमिनीच्या मोबदल्यापायी वर्षानुवर्षे खऱ्या कचेरीच्या खिडकीपाशी ऐकले आहे, आणि ज्या गोष्टी नियमात बसत नव्हत्या त्या पुढे कशा बसल्या हेही पाहिले आहे. आपल्या राज्यकारभाराने प्रजेला जो एक धडा मनापासून शिकविला तो असा की नियमाचे कारण विचारू नये, नियमाची किंमत विचारावी. भामट्याला याहून तयार शिष्य कोठे मिळणार?

आणि तुमच्या लक्षणांपैकी ‘एकदाच’ हे जे लक्षण आहे तेच मला सर्वांत विचारार्ह वाटते, कारण या विद्येचे मर्म पहिल्या मागणीत नसून दुसरीत आहे. युरोपात या प्रकाराला स्पॅनिश कैद्याचे पत्र म्हणत : कोणी धनाढ्य सरदार परक्या मुलखात कैदेत आहे, त्याच्या सुटकेला थोडा पैसा हवा, सुटला की तो खजिन्याचा वाटा देईल, पैसा गेला की पहारेकरी बदलतो, वाट अडते, आणखी पैसा लागतो. विदोक नावाचा फ्रेंच इसम, जो प्रथम चोर होता आणि मग पोलिसांचा मोठा अधिकारी झाला, त्याने आपल्या १८२८ च्या आठवणींत तुरुंगातून लिहिल्या जाणाऱ्या अशा पत्रांविषयी नमूद केले आहे की शंभरांतील वीस पत्रांना उत्तर येत असे. पण आपल्याला फ्रान्सपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. हा चंद्रपूर-बल्लारपूरचा गोंड राजांचा मुलूख. पडके बुरूज, ओसाड विहिरी, आणि प्रत्येक बुरुजाखाली पुरलेल्या धनाची कथा. गुप्तधन काढून देणारा मांत्रिक काय सांगतो? धन आहेच, दिसतेही आहे, पण त्यावर राखणदार आहे; त्याला आधी काही द्यावे लागेल. दिल्यावर राखणदार मोठा निघतो. आणखी द्यावे लागेल. कोणाला सांगू नका, सांगितलेत तर धनाचे कोळसे होतील. आणि शेवटी काही निघाले नाही तर दोष मांत्रिकाचा नसतो. घरातल्या कोणाच्या तरी तोंडून वाच्यता झालेली असते. यात फाइल चार्ज आहे, विमा आहे, जीएसटी आहे आणि गुप्ततेची अटही आहे. केवळ बोकड आणि लिंबू यांच्या जागी मोबाइल आणि शिक्का आला. तांदूळ ओढून घेणारे तांब्याचे भांडे विकून कोटी मिळवून देऊ, त्याआधी शास्त्रज्ञांच्या तपासणीचा खर्च भरा, असे म्हणून अलीकडे देशभर जे लोक नाडले गेले, त्या प्रकारात तर मांत्रिक आणि प्रयोगशाळा एकाच पंगतीला बसले.

व्यवहारी : तुमची ही परंपरा मनोवेधक आहे, परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष तुमच्या विरुद्ध जातो. गुप्तधनाच्या मागे लागून माणसे इतक्या थराला गेली की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला अशा शोधापायी होणाऱ्या अमानुष कृत्यांचा निराळा उल्लेख करावा लागला. त्या माणसांना आपण कचेरीच्या रिवाजाचे बळी म्हणणार काय? त्यांना लोभ होता. आणि लोभ नसला तर अज्ञान. त्या अज्ञानाचा शोध भामटा किती शास्त्रशुद्ध रीतीने घेतो हेही पाहा. नायजेरियाहून येणारी ती प्रसिद्ध पत्रे, ज्यांना तेथील फौजदारी संहितेच्या ४१९ व्या कलमावरून नाव पडले, इतकी विसंगत, इतकी हास्यास्पद का असतात, असा प्रश्न कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने २०१२ मध्ये घेतला, आणि त्याचे उत्तर मला फार मार्मिक वाटते : ती मुद्दाम तशी ठेवलेली असतात. लाखो लोकांना पत्र पाठविण्यास खर्च नाही; खर्च आहे तो उत्तर देणाऱ्यांशी महिनोन् महिने बोलण्याचा. शहाणा मनुष्य पहिल्याच ओळीला पत्र फेकून देतो आणि भामट्याचा वेळ वाचवितो. जो फेकीत नाही तो शेवटपर्यंत येईल अशी खात्री पटते. म्हणजे चाळणी भामट्याने स्वतःच लावली आहे. तिच्यातून जो खाली पडला त्याचे समर्थन तुम्ही समाजशास्त्राने करावे हे औदार्य झाले, विवेक नव्हे.

शंकेखोर : हर्लीचा युक्तिवाद मी आपला म्हणूनच घेतो. तो खरा असेल तर तुम्ही-मी ते पत्र पाहून हसलो यात आपली चतुराई मुळीच नाही. ते पत्र आपल्यासाठी लिहिलेलेच नव्हते. ज्या दिवशी आपल्यासाठी लिहिलेले येईल त्या दिवशी ते हास्यास्पद नसेल. साओ पावलोच्या बांको नोरोएस्ते या बँकेचा एक वरिष्ठ अधिकारी १९९५ ते १९९८ या काळात नायजेरियाच्या राजधानीत बांधल्या जाणाऱ्या विमानतळासाठी पैसा धाडीत राहिला. विमानतळ कोठेही बांधला जात नव्हता, आणि बँकेचे २४ कोटी २० लाख डॉलर मात्र गेले. तो मनुष्य अशिक्षित नव्हता, तो परकीय चलनाचे व्यवहार रोज पाहणारा होता. त्याला पाठविलेले कागद त्याच्या ओळखीच्या भाषेत होते, एवढेच. आपल्या इतिहासात पाहावयाचे तर पानिपतावर भाऊसाहेब पडले, आणि पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, त्यांचे नाव सांगणारा एक तोतया रत्नागिरीच्या कैदेतून सुटून कोकणात किल्ले घेत सुटला तेव्हा त्याच्यामागे हजारो माणसे गेली. ती सारी मूर्ख होती असे मानले तर त्या काळची अर्धी दौलत मूर्ख ठरते. जे घडावे असे ज्याला मनापासून वाटते, आणि जे घडणे अगदीच अशक्य नसते, त्याच्या पुराव्याची तपासणी मनुष्य सौम्य हाताने करतो. याला लोभ म्हणा. मी म्हणेन, त्या म्हाताऱ्याला साठ लाख नको आहेत. मुलाने दुसऱ्याच्या हायवावर रात्रपाळी करू नये एवढेच हवे आहे. बँकेने त्याच्या मुलाला नकार दिला तो एका आकड्याच्या आधारे. हा आकडा कसा निघाला हे त्याला कोणी समजावून सांगितले नाही. भामट्याने मात्र त्याच्याशी रोज सकाळी अर्धा तास गोडीने बोलून प्रत्येक कागदाचे कारण सांगितले. खोटे सांगितले, पण सांगितले.

व्यवहारी : येथे तुम्ही मला निरुत्तर करीत नाही, पण थोडे विचारात पाडता, म्हणून लोभाचा मुद्दा मी सोडून देतो. तुमच्याच बोलण्यात एक गोष्ट आली तिच्याकडे परत जातो. मांत्रिक म्हणाला, कोणाला सांगू नका. या साठ लाखांच्या पत्रातही ‘ही मंजुरी गोपनीय आहे’ अशी ओळ मी वाचली. आता तुमची ती जमीनसंपादनाची अचाट गोष्ट घ्या. तिची अधिसूचना राजपत्रात निघते. पहिली, मग दुसरी, मग संपादनाची. हरकती घेण्यास मुदत असते. याद्या भिंतीवर लागतात. गावात भांडणे होतात, भावकी फुटते, पुढारी मोर्चे काढतात. ती कितीही रखडली, कितीही चहापाणी तिच्यात मुरले, तरी ती चारचौघांत घडते. खरा मोठा पैसा गावाला ठाऊक असतो. क्वचित गावाला आधी ठाऊक असतो आणि मालकाला मागून. मग माझे सुधारलेले सूत्र असे : ज्या देण्याविषयी बायको, मुलगा आणि बँकेचा मॅनेजर या तिघांपुढे बोलता येत नाही ते देणे नव्हे. हे सूत्र तरी त्याच्या अनुभवाशी जुळते ना?

शंकेखोर : मागच्या दोहोंपेक्षा पुष्कळ जुळते, आणि तरीही त्याच्यात एक भगदाड आहे. गुप्तता भामट्याला फारशी लादावी लागत नाही; ती लाज आपोआप पुरविते. पहिले काही हजार गेले तेव्हा त्याने मुलाला सांगितले नाही, कारण आनंदाची बातमी पुरी झाल्यावर सांगावयाची होती. दुसरी रक्कम गेली तेव्हा सांगितले नाही, कारण पहिली सांगितली नव्हती. आता तिसरी. येथे ‘गेलेला पैसा’ हाच पुढच्या पैशाचा वकील होतो : आणखी एवढेच भरले तर सारे परत येईल, न भरले तर आजवरचे बुडाले हे स्वतःच्या तोंडाने कबूल करावे लागेल. बाहेरच्या माणसाला हा जीएसटीचा हप्ता वाटतो. त्याच्या दृष्टीने ती आपली अब्रू सोडविण्याची रक्कम आहे. ज्यांनी अशा आमिषापायी पैसा परदेशी धाडला त्यांची स्थिती तर याहून बिकट. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बजावले आहे की असा पैसा गोळा करणारा आणि पाठविणारा १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली स्वतःच कारवाईस पात्र ठरतो. कायदा योग्य असेल. पण लुटला गेलेला मनुष्य फिर्याद द्यावयास जाताना आपण फिर्यादी की आरोपी याचा विचार करीत उंबऱ्यावर थबकणार, हेही तितकेच खरे.

व्यवहारी : या बाबतीत तसे काही नाही; पैसा देशातल्या देशात गेला आहे. आणि थबकण्याइतका वेळही नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविले तर ज्या खात्यात रक्कम गेली तेथे ती पुढे सरकण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव असतो. तास जसजसे जातात तसतसा तो संभव घटतो, कारण ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहांत फुटत जाते. त्याचे पहिले दोन हप्ते बहुधा गेलेच. तरी तक्रार रुजू झाली पाहिजे. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली, म्हणजे जुन्या चारशे वीसाखाली, हा सरळ फसवणुकीचा गुन्हा आहे. मी आज संध्याकाळी त्याच्याकडे जातो आणि स्पष्ट सांगतो.

शंकेखोर : काय सांगाल? गेलेले पैसे मिळवून देतो म्हणाल? तसे म्हणणारा त्याला गेल्याच आठवड्यात भेटला आहे. फोनवर. आपण सायबर शाखेतून बोलतो, तुमची फसवणूक झाल्याचे आम्हाला कळले आहे, रक्कम गोठविली आहे, ती मोकळी करण्यास थोडी फी लागेल. फसलेल्यांची यादीच विकली जाते, आणि दुसरी टोळी सोडविणाऱ्याच्या वेषात येते.

व्यवहारी : मग सूत्राची कक्षा आणखी वाढवू. सोडविणाऱ्यानेही आधी मागू नये. पोलीस तक्रार नोंदविण्यास फी घेत नाहीत, १९३० घेत नाही, बँक घेत नाही.

शंकेखोर : ‘घेत नाहीत’ या वाक्यावर तो विश्वास ठेवील असे तुम्हाला वाटते, कारण तुम्ही पोलीस ठाण्यात कधी काही दिलेले नाही. मी त्या वाक्याचा प्रतिवाद करीत नाही, पण तुमचे सूत्र ज्या पायावर उभे आहे तो पाया खऱ्या कचेऱ्यांच्या वर्तनाचा आहे. त्या कचेऱ्या जेवढ्या स्वच्छ, तेवढे भामट्याला वेगळे दिसणे भाग. त्या जेवढ्या मळक्या, तेवढा तो त्यांच्यात मिसळून जातो. तेव्हा फसवणूक ओळखण्याची विद्या नागरिकाला शिकविण्याचे काम चालू असतानाच कचेरीने नागरिकाशी कसे वागावे याचा अभ्यासक्रमही कोठे तरी सुरू व्हावयास हवा. पत्रके मात्र सारी नागरिकालाच वाटली जातात.

व्यवहारी : ते होईल तेव्हा होईल. जीएसटीची मुदत उद्याची आहे. मी त्याला उपदेश करणार नाही, कायदा सांगणार नाही. एवढेच म्हणेन की उद्याचा फोन येईल तेव्हा मुलाला शेजारी बसव, आवाज मोठा कर, आणि पुन्हा सांग की सारा खर्च कापून उरलेले पाठवा. पुन्हा ‘नियमात बसत नाही’ म्हणाला तर मुलगा ते ऐकेल. गुप्तता तेथेच संपली.

शंकेखोर : आणि तो ‘बरे, कापून घेतो’ म्हणाला तर?

व्यवहारी : म्हणावयाचा नाही.

शंकेखोर : म्हणेल. सध्या म्हणू लागले आहेत. पाच मिनिटांत मोबाइलवर संदेश येईल की अठ्ठावन्न लाख जमा, खाली बँकेचे नाव, व्यवहाराचा क्रमांक. आणि त्यामागोमाग दुसरा फोन, की रक्कम पोहोचली आहे, फक्त तुमचे खाते एवढ्या मोठ्या रकमेस पात्र करून घेण्याचे शुल्क राहिले.

व्यवहारी : संदेशावर जाऊ नये. शाखेत जाऊन पासबुक छापून आणावे. पासबुकात ओळ उमटली नाही तर पैसा नाही.

शंकेखोर : आणि उमटली तर? तुम्ही हसू नका; असेही घडते. एखादे वेळी दोन-तीन लाख खरोखर येतात, आणि सांगतात की चुकून जास्त आले, आपला हिस्सा ठेवून उरलेले अमुक खात्यावर वळते करा. तो पैसा कोणाचा? बहुधा अशाच दुसऱ्या कोणा म्हाताऱ्याचा, ज्याने कोठल्याशा गावी ‘फाइल चार्ज’ म्हणून तो भरला. वळता केला की आपल्या या गृहस्थाचे खाते त्या साखळीतले एक खाते होते, आणि तक्रार झाली की पेन्शनसुद्धा त्यातच गोठते. तुम्ही आरंभी म्हणालात, ज्याला द्यावयाचे आहे तो आधी मागत नाही. हा तर आधी देतो आहे. आता त्याला काय सांगाल?

व्यवहारी : सांगेन की त्या पैशाला हात न लावता बँकेला लेखी कळवावे, आणि कळविल्याची पोच घ्यावी.

शंकेखोर : मुलाच्या हायवाचा बयाणा भरण्याच्या आदल्या दिवशी, स्वतःच्या पासबुकात छापून आलेल्या पैशाला?

व्यवहारी : हो. अवघड आहे हे मी नाकारीत नाही. म्हणून तर म्हणतो, मुलगा शेजारी असू द्या. आणि तुमची हरकत नसेल तर तुम्हीही चला, कारण माझे तो ऐकून घेईल, पण तुमचे प्रश्न त्याला आपले वाटतील.

शंकेखोर : येतो. परंतु मुलाला हायवा कोण घेऊन देणार असे त्याने विचारले, तर त्याचे उत्तर तुम्ही द्यावयाचे. माझ्यापाशी ते नाही.